नाडा बांधलेला डिब्बा

“डिब्बा मेला, काकाजी,” ड्रायव्हरच्या सीटखाली डोकं घातलेला खुशाल मिस्त्री म्हणाला. “गाडीचा कंप्युटर. आता ढकला नाहीतर ओढा, इंजिन काही उठत नाही.”

रेवाराम ओट्यावरून उठला नाही. उद्या सोमवार होता.

सोमवारी प्रतापगडच्या महादेवाला बेल वाहायचा, हे व्रत राजकुमारीचं. ती गेली आणि व्रत तेवढं घरात राहिलं. मग ते रेवारामनं उचललं. सोमवारी बेल तोडायचा नसतो, म्हणून तोही तिच्यासारखाच आदल्या दिवशी पानं तोडून ओल्या फडक्यात ठेवायचा. चिचगडहून निघाला की ते फडकं बाजूच्या सीटवर. सगळ्या आठवड्यात तेवढ्याच वाटेवर आपण एकटे नाही असं त्याला वाटायचं.

खुशालनं डिब्बा काढून त्याच्या हातात दिला. रेवारामनं तो उलटसुलट करून पाहिला.

“याले नाडा होता.”

“उंदरानं नेला असन, काकाजी.”

गाडी घेतली तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, की या डब्यात गाडीचा मेंदू असतो. “मंग टिळा इथंच लावा लागन,” राजकुमारी म्हणाली होती. दसऱ्याला सारं गाव बोनेटला हार घालायचं. ती मात्र नवऱ्याला सीट उचलायला लावायची, डब्याला कुंकू लावायची, त्याच्याभोवती लाल नाडा बांधायची आणि नाड्यात आपल्या गळ्यातल्या पोतीतला एक काळा मणी ओवायची. “मेंदूलेच नजर लागते,” म्हणायची. तिनं अंथरूण धरल्यापासून ती सीट घरातल्या कुणी उचलली नव्हती. तेव्हाही गाडी एकदा अशीच बंद पडली होती. ती तापानं फणफणत होती आणि रेवाराम तिच्या उशाशी बसून होता. मिस्त्री मुन्नालालनं गाडी नेली आणि “साफ केला, चालू झाला,” म्हणत परत आणून लावली. त्याच गाडीनं रेवारामनं तिला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं.

“नवा डिब्बा आता येत नाही,” खुशाल म्हणाला. “सेम गाडीचा जुना पायजे. तुमच्या मॉडलमंधी डिब्ब्याशी किल्ली जुळवाचा लफडा नाही. इकडचा काढा, तिकडं लावा, गाडी चालू.” त्यानं भिंतीपलीकडे मान वळवली. “ते काय, ताडपत्रीखाली उभीच हाये एक.”

भिंतीपलीकडे लोकेंद्र राहायचा, रेवारामचा लहान भाऊ. वाटणीनंतर त्यानंही हौसेनं तशीच गाडी घेतली होती. पण दोघांचं बोलणं तुटून वर्षं झाली होती. दवाखान्यात राजकुमारीनं डोळे फिरवले, तेव्हा रेवारामनं त्याला फोन केला होता. “दरेकसाहून तिच्या मायले घेऊन ये. डोळ्यांनी पाहू दे लेकीले.” लोकेंद्र म्हणाला होता, “भाऊ, गाडी चालू होत नाही.” त्याच्या महिन्याभरच आधी लोकेंद्रची हीच गाडी नवरदेव घेऊन आमगावला गेली होती! लोकेंद्र म्हातारीला बसनं घेऊन पोचला, तेव्हा सरण विझत आलं होतं. त्या दिवसापासून रेवारामनं भावाचं तोंड पाहिलं नाही. गाडीवर ताडपत्री चढली, ती उतरली नाही.

“मी नाही जात त्याच्या दारात.”

“मंग महादेवाले काय सांगता, काकाजी?”

रेवाराम उठून भिंतीपाशी गेला आणि कुणाचंच नाव न घेता मोठ्यानं म्हणाला, “डिब्बा पायजे होता. गाडीचा.”

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं लोकेंद्र बोलला, हळू, जवळजवळ अजिजीनं. “तो डिब्बा कामाचा नाही, भाऊ.”

“तेव्हाही हेच म्हणला होता!” रेवारामचा आवाज चिरकला. “देवाच्या कामालेही नाही देत तू?”

लोकेंद्रच्या बायकोनं, दुर्गेश्वरीनं, फाटक उघडलं आणि पदर सावरत किल्ली पुढं केली. “न्या भाऊजी. एकदाचं पाहून तरी घ्या.”

खुशालनं ताडपत्री ओढली. चाकं मातीत बसली होती. तो आत शिरला, सीट उचलली आणि तिथंच थबकला.

“काकाजी, तुमचा उंदीर मोठा इमानदार निघाला.”

त्यानं डिब्बा वर धरला. त्यावर काळवंडलेलं कुंकू होतं. त्याच्याभोवती विटलेला लाल नाडा होता आणि नाड्यात एक काळा मणी.

रेवारामनं डिब्बा दोन्ही हातांनी घेतला. तो मणी त्यानं बोटानं चाचपला. मग आपल्या अंगणातल्या गाडीकडे पाहिलं, मातीत रुतलेल्या या गाडीकडे पाहिलं आणि शेवटी ओट्यावर उभ्या भावाकडे. लोकेंद्रचे केस पांढरे झाले होते. हे त्याला आज दिसलं.

“काऊन नाही सांगतलं?”

“सांगतलं असतं त मुन्नालालनं बसवलेला माझा डिब्बा तुम्ही तवाच काढून परत केला असता,” लोकेंद्र खाली बघत म्हणाला. “अन् वहिनीले दवाखान्यात कायच्यात नेलं असतं?”

खुशाल गुपचूप आपले पाने-पक्कड पिशवीत भरू लागला. आता दोन्ही अंगणांत मिळून एकही चालती गाडी नव्हती.

रेवाराम घरात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात बेलाचं ओलं फडकं होतं. भिंतीला वळसा घालून तो फाटकातून आत आला आणि फडकं लोकेंद्रच्या ओट्यावर ठेवलं.

“उद्या बसनं जाऊन राहिलो,” तो म्हणाला. “दोन जागा धरू का?”