परसादाची गोळी

राहीबाईच्या मनगटाला प्लास्टर घालता घालता डॉक्टर ज्ञानेश्वरीचा पारा चढत गेला.

"किती घेत होता?"

"येक सकाळी, येक झोपताना. पाठीला लई गुण आला बगा."

"गुण आला म्हणून तर पडलात! या वयाला ही गोळी सोसत नाही, राहीबाई. अंग ढिलं पडतं, झापड येते, तोल जातो. कुणी दिली?"

राहीबाईने पदराने तोंड पुसलं. "दिली येका चांगल्या मानसानं."

परवा मोरीत पडलेली आक्काबाईही हेच म्हणाली होती. श्रीगोंद्यातल्या या भजनी मंडळाच्या बायकांनी जणू शपथच घेतली होती. ज्ञानेश्वरीने त्यांना हात जोडून सांगितलं, रागावून सांगितलं, दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: म्हातारपणी पाठदुखीची गोळी विचारल्याशिवाय नको. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वैताग आला होता तिला या गावाचा.

गोळ्या काही आभाळातून पडत नाहीत. राहीबाईकडचा पट्टीचा कापलेला तुकडा घेऊन ती तरातरा शेजारच्या मेडिकलमध्ये गेली.

"शमशेरभाई, चिठ्ठीशिवाय म्हाताऱ्यांना गोळ्या विकता?"

"अल्लाकसम मॅडम, येक पट्टी दिली न्हाई. ही कंपनी तर माझ्याकडं येतच न्हाई."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणत ती तिथून तशीच जेवायला घरी गेली. जेवतानाही तिचं तोंड थांबलं नाही.

"आज त्या शमशेरची तक्रारच करते. आक्काबाई खुब्यावर पडली असती तर जन्माची अंथरुणाला खिळली असती."

आई भाकरी वाढत होती. "नको गं. लेकराबाळांचा मानूस हाय, कशाला त्याच्या पोटावर पाय देती? आन् चार म्हाताऱ्या सुकानं झोपल्या, त्यात येवढं काय बिघडलं?"

"तूसुद्धा?" ज्ञानेश्वरी अर्ध्या भाकरीवरून उठली. डॉक्टरच्या घरात ही तऱ्हा, तर गावाला काय बोलायचं!

ती परतली तेव्हा राहीबाई अजून बाकावरच होती. तिचा मुलगा सुनील टेम्पो घेऊन न्यायला यायचा होता. "त्या शमशेरची तक्रारच करते," म्हणत तिच्यासमोरच ज्ञानेश्वरीने औषध खात्याच्या साहेबांना फोन लावला. लागेना. तिने पुन्हा लावला.

"शमशेरचं दुकान बंद करत्यात का?" राहीबाईने विचारलं.

"करतीलच. करायलाच हवं."

राहीबाई प्लास्टरचा हात सांभाळत उठली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ठिवा तो फोन, डॉक्टरीनबाई. त्या बिचाऱ्याचा काय बी दोष न्हाई. तुमचं नाव खराब व्हईल म्हनून आमी गप ऱ्हायलो."

"माझं? माझा काय संबंध?"

"तुमची आई भजनाला येताना पिशवीत पट्ट्या आनती, परसादावानी वाटती. म्हनती, कंपनीवाले लेकीला फुकाट देत्यात, घरात पडून हायेत. आन् माझ्या लेकीच्या घरची गोळी कुनाला बाधायची न्हाई."