हिरामणसाठी राखलेला भारा

मथुराचं लग्न झालं त्या साली, एकोणनव्वदला, तिचा भाऊ हिरामण पुण्याहून खुर्सीपारला घरी आला होता.

"माय, आमी लॅबमध्ये धानाच्या तणसातून साखर काढून राहिलो. माणसाच्या पोटातल्या चांगल्या जंतूंचा चारा."

"गायीच्या तोंडचा घास जंतूंले घालता का रे?" मैनाबाई म्हणाली.

तो हसला. "पुढच्या खेपेले घेऊन जाईन. आपल्या धानाच्या तणसाचा एक भारा ठेवजो."

तिनं पेंढ्याचा तो भारा माळ्यावर कोरडा राखला. पुढे गाय विकली, पण भारा कुणाला दिला नाही.

"काकू, कावून सांभाळून राहिल्या?" शेजारची कलावती विचारायची.

"पोरगा न्यायले येऊन राहिला न."

&nbsp;

ब्याण्णवच्या पौषात मैनाबाई वारली. तिरडीवर अंथरायला शेजाऱ्यांना तणीस बाहेरून आणावं लागलं नाही.