काचेवरचा अंगठा

"कुठल्या गाढवानं हे ठसे जुळवले?" भिंगकाकांनी भिंग टेबलावर आदळलं.

समोर दोन फोटो होते. एक खून झालेल्या घराच्या खिडकीच्या काचेवरचा अंगठा, दुसरा आरोपीचा. दोन्ही एकाच माणसाचे, एवढ्या एका वाक्यावर तो आरोपी अकरा वर्षं तुरुंगात सडत होता. आता जुने निकाल तपासायला नवी समिती आली होती. तिचा नियम कडक. तपासणाऱ्याला नावगाव कळू द्यायचं नाही. म्हणून जुन्या अहवालावर सहीच्या जागी कागदाची पट्टी चिकटवली होती. प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या भिंगकाकांना निवृत्तीतून बोलावलं होतं ते याच कामासाठी.

"म्हणजे जुळत नाहीत?" समितीच्या बाईंनी विचारलं.

"अहो, ही रेघ बघा. इथे तिला फाटा फुटलाय. तिथे आहे का फाटा? आंधळ्यालाही कळेल! पोलीस म्हणाले असतील, हाच तो, आणि या हुजऱ्यानं मान डोलावली. असल्या माणसांची किळस येते मला. आत टाका त्याला."

"लिहून द्याल?"

"आत्ता देतो. तुरुंगातल्याचं कोणी आहे का मागे?"

"बहीण. सकाळपासून बाहेर बसलीय."

काकांना राहवलं नाही. ते स्वतः उठून दारापर्यंत गेले. बाकावर पिकल्या केसांची एक बाई बसली होती.

"ताई, रडू नका आता. भाऊ घरी येतोय तुमचा."

ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. आनंदानं वाचा बसली असेल बिचारीची, असं म्हणत काका परत खुर्चीत बसले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"त्या महाभागाचं नाव तरी बघू दे."

"आधी लिहा. नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात."

त्यांनी नखानं पट्टी ओरबाडली. खाली निळ्या शाईत, ऐटीत शेपूट ओढलेली सही होती. त्यांची स्वतःची.

काकांनी पेनाचं टोपण परत लावलं, चष्मा पुसला आणि भिंग उचलून दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. मिनिटभरच.

"मघाशी उजेड कमी पडला, बाई," ते म्हणाले. "जुळतात."