दुसरी खुर्ची

"काकू, एक खुर्ची आणि एक कप तीस दिवस वापरात नाहीत. बचतीसाठी उद्या उतरवून टाकते," गाडी म्हणाली.

यजमान गेल्यावर घर विकून कुंदाताई या आपोआप चालणाऱ्या गाडीतच राहायला आल्या होत्या. वजन कमी तर खर्च कमी, म्हणून पडून असलेली वस्तू गाडी भंगारात देई. शिलाई मशीन गेलं, पाटा-वरवंटा गेला. कुंदाताईंनी ते जाऊ दिलं. पण ही खुर्ची यजमानांची होती.

त्याच संध्याकाळी त्यांनी दोन कप चहा ओतला. आपला संपवून त्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि दुसरा कप प्यायल्या. "साखर जास्त झाली गं," असं आपल्याच रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या. मग हे रोजचंच झालं.

महिना सरला.

"काकू, माझ्या नोंदीप्रमाणे इथे दोघं राहतात," गाडी म्हणाली. "रस्ता-कर दोघांचा पडेल. वर्षाची सगळी बचत त्यातच जाईल. नोंद चुकली असेल तर सांगा."

कुंदाताईंनी दोन्ही कप विसळून शेजारी शेजारी पालथे घातले.

"चुकली नाही," त्या म्हणाल्या. "यांचं नाव सांगते, लिहून घे."