पहिल्या किकला

बबडीनं जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. इंजिन गरम होतं. सकाळचे सात वाजायचे होते, बाबा अजून फिरून आले नव्हते, आणि रात्रभर शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीला काही आपोआप ताप येत नाही.

बबडीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ऑफिसात तिला मॅडम म्हणत, घरात मात्र सव्विसाव्या वर्षीही ती बबडीच होती. आणि बबडीनं बाबांची लबाडी पकडली होती.

आज पैजेचा सहावा दिवस. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकच गाडी मावायची. बाबांची बेचाळीस वर्षांची म्हातारी आत ऐटीत, आणि बबडीची कोरी करकरीत गाडी रस्त्यावर. महिन्याभरात तिच्या टाकीवर दोन ओरखडे आले, सीटवर मांजरानं नखं साफ करून घेतली. शेवटी ठरलं ते असं. सात दिवस, सकाळी सातला, दोघी पहिल्याच दणक्यात सुरू व्हायला हव्यात. जी होणार नाही ती हरली. दोघी टिकल्या तर जागा म्हातारीची, ज्येष्ठ नागरिक म्हणून. पण म्हातारी हरली तर कोपऱ्यावरचा हॉटेलवाला टपूनच बसला होता. तो तिला दारात शोभेला ठेवणार होता, टाकीवर कुंडी ठेवून.

बाबा कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. तोंडाचा पट्टा तेवढा अजून नोकरीवर होता.

"तुझ्या गाडीला साधी सर्दी झाली तरी लॅपटॉप लागतो," ते म्हणायचे. "माझीला एक पाना आणि एक शिवी पुरते."

"माझी ब्रेक दाबला की थांबते," बबडी म्हणायची. "तुमची आधी विचार करते."

थंडीचे दिवस. पहिल्याच सकाळी निकाल लागेल अशी बबडीची खात्री होती. पण रोज बाबा यायचे, इंजिनाकडे ढुंकूनही न बघता एक किक मारायचे, आणि म्हातारी धडधडायला लागायची. बाबांची कॉलर ताठ. आता उलगडा झाला. बबडी कानात बोळे घालून घोरत असताना स्वारी गाडी तापवून मगच फिरायला जात होती.

सातव्या दिवशी पावणेसहालाच ती स्वयंपाकघराच्या खिडकीत दबा धरून बसली. बाबांनी टोपी घातली, काठी घेतली आणि पुढच्या दारानं सरळ चालू पडले. शेडकडे पाहिलंसुद्धा नाही. बबडी हिरमुसली. तेवढ्यात मागचं दार करकरलं.

गाऊनवर स्वेटर, पायात बाबांचे कारखान्यातले जुने बूट, अशी आई शेडमध्ये गेली. तिनं सराईतासारखा चोक ओढला आणि किक मारली. मग दुसरी. मग तिसरी. नवव्या किकला बबडी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आई, तू?"

"मणक्यात गॅप आहे त्यांच्या," आई धापा टाकत म्हणाली. "नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, किक बंद. ते ऐकतायत होय? म्हटलं, शेवटची एक मारू दे त्यांना. आधीच्या मी मारते."

"आणि त्यांना पत्ताच नाही?"

"त्यांना वाटतं, गाडी गुणाची आहे. वाटू दे की."

दहाव्या किकला म्हातारीनं उलटा झटका दिला. किकचा दांडा आईच्या घोट्यावर असा बसला की ती मटकन पालथ्या बादलीवर बसली. बबडीनं बूट काढला. घोटा डोळ्यांदेखत सुजत होता.

"झालं," आई म्हणाली. "जिंकलीस तू. जा, आत जाऊन चहा टाक. आणि हॉटेलवाल्याला सांग, कुंडी लहान ठेव म्हणावं." ती हसत होती, पण तिचे डोळे भरून आले होते.

साडेसहा वाजत आले होते. बबडीला काहीच करायचं नव्हतं. नुसतं हात बांधून उभं राहायचं होतं, की शेड तिची. बाहेर तिची गाडी उभी होती, बटण दाबलं की निघणारी, कोणाच्या मेहेरबानीची गरज नसलेली. तिला त्याचाच केवढा अभिमान होता. आज पहिल्यांदाच तिला त्या गाडीची जराशी कीव आली.

तिनं आईच्या पायातले ते बूट स्वतः चढवले आणि म्हातारीवर टांग टाकली.

आयुष्यात तिनं कधी किक मारली नव्हती. पहिली निसटली. दुसरीला नुसती खोकल्यासारखी उबळ आली. मग तिनं एक्सिलरेटर मुठीत धरून करकचून पिळला आणि किकांचा सपाटा लावला. सहा, सात, बारा. पेट्रोलचा भपकारा सुटला. पंधराव्या किकला तिला दरदरून घाम फुटला, विसाव्याला ती रडकुंडीला आली. बाबा आता कुठल्याही क्षणी येतील, एक किक मारतील, आणि गाडी ढिम्म हलणार नाही.

"अगं बबडे," शेडमागच्या भिंतीपलीकडून बाबांचा दबका आवाज आला, "एक्सिलरेटर पिळू नकोस. नऊ वर्षं रोज इथं बसून ऐकतोय, तुझ्या आईनं एकदाही पिळला नाही."