मागून येणारा माणूस

बागेतल्या वाटेवरून सायकलने कामावर जाणाऱ्या नर्सबाईंना त्या म्हाताऱ्याचा संशय यायला लागला होता. घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखला तरी तो वाटेच्या मधोमध चालायचा, काही केल्या बाजूला व्हायचा नाही. नजर मात्र पुढे काठी टेकत जाणाऱ्या आजींवर खिळलेली. आजी जरा थांबल्या की हा चटकन झाडाआड!

आज नर्सबाईंना राहवलं नाही. गवतातून सायकल काढून त्यांनी आजींना गाठलं आणि खाली उतरून हळूच म्हणाल्या, "आजी, मागे बघू नका. एक माणूस रोज तुमच्या पाळतीवर असतो. रखवालदाराला बोलावू का?"

"अहो, नको! आमचे हे आहेत ते," आजी हसू दाबत म्हणाल्या. "सायकलच्या धक्क्याने मी पडले ना, तेव्हापासून असे लपूनछपून येतात, सायकली अडवत."

"मग सोबतच का नाही चालत?"

"मी एकटी जाईन, असं मीच ठणकावून सांगितलंय."

नर्सबाई सायकलवर बसणार, तेवढ्यात आजींनी त्यांचा हात धरला.

 

"मला कळलंय हे त्यांना सांगू नका हं. ओशाळून यायचे थांबतील, आणि मला एकटीला अजून फार भीती वाटते."