केसांतला नायट्रोजन

"बसा वहिनी. इथं लपवाछपवी चालत नाही," असं म्हणत तिने दोन स्टुलं पुढे सरकवली.

आईला जाऊन महिना उलटला होता. भावाला आणि वहिनीला तिने मुद्दाम आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं होतं. आईच्या केसांची एक बट तिने कापून ठेवली होती. तिचे नखाएवढे तुकडे करून यंत्रात घातले होते. निकाल आधी स्वतः बघायची तिला गरजच वाटली नव्हती. वहिनीनेच आईला उपाशी ठेवलं, ही तिच्यापुरती काळ्या दगडावरची रेघ होती. म्हणून तर शेवटचे पाच महिने तिने भांडून आईला आपल्या घरी नेलं होतं.

"नायट्रोजनच्या अणूत सात न्यूट्रॉन असतात," ती वर्गात शिकवावं तशी म्हणाली. "क्वचित एखाद्यात आठ. माणूस उपाशी राहिला की शरीर स्वतःचंच मांस खातं. हलके अणू बाहेर टाकतं, जड मागे उरतात आणि केसांत उतरतात. केस थापा मारत नाहीत, वहिनी."

"मी काही कमी केलं नाही त्यांना," वहिनी एवढंच म्हणाली.

"कळेलच. हे डावीकडे केसाचं टोक, तुमच्याकडचे दिवस. उजवीकडे मूळ, माझ्याकडचे." तिने कळ दाबली.

पडद्यावर जड नायट्रोजनची रेघ डावीकडे सपाट होती. आई लेकीकडे आली तिथून रेघ चढायला लागली होती आणि मुळापर्यंत चढतच गेली होती.

तुकडे उलटे लागले असतील म्हणून तिने तबक ओढून पाहिलं. सगळे जागच्या जागी होते. तिनेच लावले होते.

"चांगलं की वाईट?" भावाने विचारलं. त्या बिचाऱ्याला काही उमगलं नव्हतं.

वहिनीला उमगलं होतं. ती चिडली नाही, हेच नणंदेला जास्त झोंबलं.

"ताई, तुम्ही दिवसभर कामावर. त्यांचं जेवण?"

"रोज डबा भरून ठेवायचे. ताजा."

"झाकण उघडून?"

तिने तबक परत आत ढकललं.

"बोटांत जोर नव्हता हो त्यांच्या. घाससुद्धा मी भरवायचे. त्यांना न्यायला आलात तेव्हाच सांगणार होते तुम्हाला, पण दारातच तुम्ही म्हणालात, मला शिकवू नका."

सकाळचं कपभर दूध सोडलं तर आई काही घ्यायची नाही; रोज संध्याकाळी डबा तसाच भरलेला सापडायचा. आई लेकाकडे जायचं म्हणून रुसली आहे, असं वाटून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आई काही बोलायची नाही. मग ती तोच बंद डबा आईच्या पुढ्यात आदळायची.

"हा संपल्याशिवाय दुसरं काही मिळणार नाही."